ट्रकवरची रात्रपाळी: एका घरातलं गेमचं प्रकरण

भांडुपच्या एका घरात दीडेक वर्षं चाललेली ही गोष्ट आहे. नावं बदललीत, ओळख पटेल अशा दोन-चार खुणा काढून टाकल्यात, आणि निनादला आधी वाचायला दिलंय (हे त्याचं खरं नाव नाही). त्याने दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या, त्या केल्यात. मी त्याची मावसबहीण, आठ वर्षांनी मोठी. मी स्वतः गेम खेळते आणि पुढेही खेळणारे, हे आधीच सांगून ठेवते, कारण ही काही गेमने पोरगा बिघडला अशी गोष्ट नाहीये. गेमवर त्याचं नसलेलं ओझं आम्ही सगळ्यांनी मिळून कसं लादलं, आणि मग ते कसं थोडंथोडं उतरवलं, ते लिहायचंय.

पार्श्वभूमी

निनादचे बाबा, म्हणजे माझे काका, बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, २९ वर्षं. घर भांडुप वेस्टला, सातव्या मजल्यावर वन बीएचके. निनादने डिप्लोमा केला तेव्हा २०१९ मध्ये काकांनी त्याला लॅमिंग्टन रोडवरून कंप्युटर असेंबल करून दिला, आणि त्यावर त्याने घेतलेला पहिला गेम म्हणजे युरो ट्रक सिम्युलेटर २. हा गेम २०१२ चा, झेक कंपनीने बनवलेला, जुन्या मशीनवरही चालतो. त्यात मारामारी नाही, शत्रू नाही. एका शहरातून माल उचलायचा, दुसऱ्या शहरात नेऊन द्यायचा, माल कमीत कमी डॅमेज करायचा, वेळेत पोचायचं. बाहेर पाऊस, आत वायपर, आणि समोर लांबच लांब रस्ता. नकाशा साधारण एकास एकोणीस या प्रमाणात छोटा केलेला असल्यामुळे सहाशे किलोमीटरची खेप अर्ध्या-पाऊण तासात होते.

काका ड्युटीवरून आले की बनियनवर त्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचे. "आरसा बघ आरसा", "वळणाला मागचा डबा कापतोय", असं चालायचं. गेममध्ये शेवटी ट्रेलर लावताना पर्याय मिळतो, सोपं पार्किंग घ्या, अवघड घ्या नाहीतर सरळ सोडून द्या. काकांनी त्याला कधी सोडून देऊ दिलं नाही. पुढे एक सेकंड हँड स्टिअरिंग आणलं, मग स्वतःही बसायला लागले. दिवसभर एलबीएस मार्गाच्या ट्रॅफिकमध्ये बस चालवून आलेला माणूस घरी येऊन परत ट्रक चालवतो याचं मला नवल वाटायचं, एकदा विचारलं तर म्हणाले, "अगं इथे कोण आडवं येत नाही, आणि घंटी पण नाही वाजत." गेममध्ये कंपनीला नाव द्यायचं असतं, ते त्यांच्याच नावाने दिलं, आणि मुख्य गॅरेज बर्लिनला घेतलं कारण यादीतलं तेवढंच गाव त्यांना ओळखीचं होतं.

मला आजही वाटतं की विरंगुळा म्हणजे काय हे मी त्या हॉलमध्ये बघितलंय. तासभर खेळायचे, जेवायची हाक आली की उठायचे, आणि उठताना दोघांचेही चेहरे हलके असायचे.

काका २०२१ मध्ये रिटायर झाले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पहाटे हार्ट अटॅकने गेले. निनाद तेव्हा पंचवीसचा, भिवंडीला एका गोदामाच्या ऑफिसात डिस्पॅचला होता, कुठली गाडी कुठे पाठवायची ते बघायचा. एप्रिल २०२३ मध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते पुढे वाढलं नाही. मावशी शाळेच्या ऑफिसात नोकरी करते, त्यामुळे घर चालत होतं, पण दिवसभर घरात निनाद एकटा.

अडचण नेमकी काय होती

इथे माझा भाग आहे तो सांगितलाच पाहिजे. मे-जूनमध्ये तो सारखा एकटा खेळत बसतो असं मावशी म्हणाली तेव्हा मीच त्याला म्हणाले की अरे, एकटा कशाला, ऑनलाइन लोक कॉन्व्हॉय काढतात, म्हणजे बरेच जण आपापले ट्रक घेऊन एकत्र निघतात, त्यांच्यात जा. हेतू चांगला होता, माणसं भेटतील एवढाच विचार. आणि भेटलीही. पण या गेमच्या ऑनलाइन जगात लोकांनी हौशी ट्रकिंग कंपन्या काढलेल्या असतात, आणि त्यातल्या काही अगदी खऱ्या कंपनीसारख्या चालतात. महिन्याला अमुक किलोमीटर झालेच पाहिजेत, कॉन्व्हॉयला हजेरी, प्रत्येक खेपेची नोंद, पदं, बढत्या, गैरहजर राहिलात तर वॉर्निंग. पगार अर्थातच नाही. निनाद जुलैमध्ये ड्रायव्हर म्हणून लागला आणि दिवाळीपर्यंत त्यांचा फ्लीट इनचार्ज झाला, चाळीसेक जणांचं रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, तो लावायचा.

ते लोक बहुतेक युरोपातले. त्यांच्या रात्रीच्या आठला कॉन्व्हॉय सुटायचा, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. नंतर नोंदी, दुसऱ्या दिवसाचं रोस्टर, गप्पा. झोपायला पाच वाजायचे. सप्टेंबरमध्ये पवईला एक इंटरव्ह्यू होता सकाळी दहाचा, तो झोपेत गेला. रविवारचं टर्फवरचं क्रिकेट बंद झालं. मित्रांनी आधी फोन केले, मग त्यांनीही सोडलं.

पैसे मात्र गेले नाहीत, तो प्रकार यात नव्हताच, पुढे २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला तो विषय निराळा. त्यामुळेच घरात बराच काळ "पत्ते-जुगार तर खेळत नाही ना, बाहेर तर जात नाही ना" असं म्हणत सगळे गप्प बसले.

मावशीने एकदा मला फोनवर जे सांगितलं ते मी विसरणार नाही. तिचे सासरे परळच्या मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागले होते. ती म्हणाली, "मामंजी सांगायचे, सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी आला नसला तर त्याच्या साच्यावर दिवसभर काम करायचं. पण तो परत आला की बदलीवाल्याने बाजूला व्हायचं. याचं बघ, नोकरी गेली, बाबा गेले, त्या जागेवर हा गेम बदली म्हणून आला आणि आता कोणालाच आत येऊ देत नाहीये."

माझं स्वतःचं उदाहरण देते म्हणजे फरक कळेल. मी ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलने जाते, बसायला मिळालं तर फोनवर स्टारड्यू व्हॅली काढते, शेतीचा गेम आहे, त्यातला पूर्ण दिवस साधारण १४ मिनिटांचा असतो, म्हणजे ठाण्याला कोंबड्यांना दाणे टाकले की विक्रोळीच्या आसपास रात्र होते आणि मी फोन पर्समध्ये टाकते. पंधरा मिनिटं मी त्या गर्दीत नसते, आणि ती मला हवीच असतात. पण ऑफिसात गेल्यावर माझं मन त्या कोंबड्यांमध्ये नसतं. निनादचं उलटं होतं, तो जेवायला बसला तरी रोस्टरमध्येच असायचा.

आम्हाला हे खऱ्या अर्थाने कळलं ते नोव्हेंबर २०२३ मध्ये, काकांच्या वर्षश्राद्धाला. मी आदल्या दिवशी मदतीला गेले होते, त्याचा कंप्युटर चालू होता, आणि स्क्रीनवर त्याने त्या कंपनीला पाठवलेला रजेचा अर्ज होता. एक दिवस रजा, कारण वडिलांचं वर्षश्राद्ध. खाली कोणीतरी खूप आपुलकीने उत्तर दिलं होतं, रजा मंजूर, काळजी घे. मी तशीच उभी राहिले. मुलगा बापाच्या श्राद्धासाठी गेममधून रजा मागतोय, आणि त्याला त्यात काही वेगळं वाटत नाहीये.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्याला एकच विचारलं, "निनाद, मजा येते का रे तुला?" तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ताई, मजेचं काय, रोस्टर असतं."

माझ्या मते अडचण त्या वाक्यात होती. किती तास खेळतो हा नंतरचा प्रश्न झाला, गेममधली मजाच निघून गेली होती आणि फक्त ड्युटी उरली होती.

समोर आलेले पर्याय

घरात मत सगळ्यांनाच होतं. जे ज्या क्रमाने पुढे आलं तसंच लिहिते.

मामा म्हणाला, मशीन विकून टाका. मावशीने त्याची सौम्य आवृत्ती करून बघितली, एके दिवशी सकाळी राउटर काढून पर्समध्ये घालून शाळेत घेऊन गेली. निनादने मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही, तिसऱ्या दिवशी राउटर परत आला. यातून फक्त एवढं झालं की तो हेडफोन घालून दाराकडे पाठ करून बसायला लागला.

धाकट्या काकांचा पर्याय वरवर फार शहाणपणाचा होता. एवढी हौस आहे तर खराच ड्रायव्हर हो की, हेवी लायसन्स काढ, बाप बेस्टमध्ये होताच. आम्हा सगळ्यांना पटलं. आधी साधं लायसन्स, मग वर्षाने पुढचं, असा हिशोब झाला, ड्रायव्हिंग स्कूलचे पैसे भरले. तो चार दिवस गेला. पाचव्या दिवशी मला फोन, "ताई, मला ट्रक नाही चालवायचाय. मला तो ट्रक चालवायचाय." मला तेव्हा थोडा रागच आला. नंतर विचार करताना जाणवलं की तो बरोबर बोलत होता. खरी गाडी चालवणं म्हणजे भोंगे, खड्डे, रिक्षा, पोलीस, पाय दुखणं, हे त्याने लहानपणापासून बापाच्या चेहऱ्यावर बघितलेलं. गेममधला ट्रक हा त्याच्यापासून सुटका होती, काकांनाही तो म्हणूनच आवडायचा. आम्ही त्याला सांगत होतो की तुझी सुटका आम्हाला मान्य आहे, फक्त तिची नोकरी करून दाखव.

तिसरा पर्याय आतेभावाचा, यूट्यूब चॅनेल काढ. हाही मला त्याच जातीचा वाटतो. मुलाला एखादी गोष्ट आवडली की तिच्यातून काय निघेल हे आपण लगेच बघायला लागतो. चित्र काढतो, मग क्लास लाव, परीक्षा दे. गातो, मग स्पर्धेला घाल. काहीच न निघणारी, नुसती बरं वाटणारी गोष्ट घरात असू शकते हे आम्हाला मान्यच करता येत नव्हतं. निनादला तर रोस्टरच्या वर आणखी अपलोडचं वेळापत्रक चिकटलं असतं.

चौथा, डॉक्टर. मावशी घाबरली, लोक काय म्हणतील वगैरे. मी आधी टेलीमानसच्या १४४१६ नंबरवर फोन केला, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तिथल्या ताईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की त्याला ओढून आणू नका, झोपेबद्दल विचारा, झोपेची तक्रार बहुतेक लोक मान्य करतात.

पाचवा पर्याय मी मांडला तेव्हा घरात कोणालाच आवडला नाही, की गेम राहू द्या, ती कंपनी सुटू दे.

काय काय केलं

जानेवारी २०२४ मध्ये एका रविवारी मी त्याला स्टेशनजवळ वडापाव खायला नेलं आणि तिथून चालत चालत घरी आलो. मी ठरवून गेले होते की बंद कर हा शब्द काढायचा नाही. विचारलं की त्या कंपनीत तुला काय मिळतं. तो सांगत गेला. कोणीतरी वाट बघत असतं. आज काय करायचं ते ठरलेलं असतं. केलेलं मोजलं जातं. आणि रात्र जाते.

शेवटच्यावर मी थांबले. रात्र जाते म्हणजे काय. मग ते बाहेर आलं. काका गेले त्या पहाटे निनाद आतल्या खोलीत झोपला होता, मावशीने हाक मारली ती त्याला पहिल्यांदा ऐकूच आली नाही. डॉक्टर म्हणाले होते की फरक पडला नसता, तरी त्याच्या डोक्यातून ते गेलं नव्हतं. तेव्हापासून पहाट होईपर्यंत त्याला झोपायचंच नव्हतं, कोणीतरी जागं पाहिजे घरात, असं तो म्हणाला. कंपनीने त्या जागरणाला एक कारण दिलं, एवढंच.

मला वाटतं या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण हा होता. तोपर्यंत आम्ही नोकरीला पर्याय म्हणून गेम, असं समजून चाललो होतो आणि नोकरी लागली की सगळं सुरळीत होईल असं धरलं होतं. ते अर्धंच खरं होतं.

झोपेच्या नावावर तो डॉक्टरकडे यायला तयार झाला. म्युनिसिपल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत गेलो. मी तिथे सरळ विचारलं की याला गेमिंग डिसऑर्डर आहे का. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत तो आहे, २०१९ मध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून यादी लागू आहे. डॉक्टर मॅडमनी समजावलं की त्यात तीन गोष्टी बघतात, खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वर गेलाय का, आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही चालूच आहे का, आणि हे साधारण बारा महिने तरी दिसायला हवं, आणि माणसाचं घर, काम, नाती यांचं बऱ्यापैकी नुकसान झालेलं असायला हवं. जास्त खेळणं म्हणजे आजार असं नाही. निनादच्या बाबतीत त्यांनी शिक्का मारायची घाई केली नाही, आधी झोप आणि दुःख यावर काम करू म्हणाल्या. औषध थोडे दिवस, आणि दर पंधरा दिवसांनी बोलायला यायचं. एक नियम कडक, रात्री कितीही वाजता झोप लागो, सकाळी सातला उठायचंच.

कंपनीचं काय करायचं यावर आमची चूक झाली. आधी ठरलं की फक्त शनिवार-रविवार. ते तीन आठवडे चाललं आणि कोसळलं, कारण महिन्याचे किलोमीटर भरेनात, मग गुरुवारी जरा, मग बुधवारी. खेळाडूच्या इच्छेवर तो हिशोब नव्हताच, कंपनीच्या नियमांवर होता. फेब्रुवारीच्या शेवटी त्याने राजीनामा दिला, व्यवस्थित, चार्ज सोपवून, आणि त्या लोकांनी त्याच्यासाठी एक निरोपाचा कॉन्व्हॉय काढला. तो त्या रात्री रडला. मी मुद्दाम लिहितेय, कारण बाहेरून बघणाऱ्याला हे पोरकट वाटू शकतं. ती माणसं खरी होती, बापाच्या वर्षश्राद्धाला त्याची चौकशी करणारी होती.

गेम ठेवला, ऑफलाइन. मर्यादा घालताना मी मिनिटांत घालू नका म्हणाले, कारण अर्ध्या रस्त्यात बंद कर म्हटलं की कोणीही चिडतं आणि मग पाच मिनिटं, पाच मिनिटं करत तास जातो. खेपेत मोजायचं ठरलं, रात्री जेवणानंतर दोन खेपा, दुसरी खेप पोचवली की मशीन बंद. या गेममध्ये खेपेला शेवट असतो ही मोठी सोय आहे. रोज लॉगिन केलं तरच बक्षीस, आज आला नाहीस तर साखळी तुटली, असे जे गेम असतात त्यांच्याबाबतीत हे जमलं असतं की नाही मला शंका आहे, तिथे गेमच तुम्हाला उठू देत नाही. आणखी एक गोष्ट, या गेममधला ड्रायव्हर दमतो, जांभया देतो, डोळे मिटायला लागले की स्क्रीन काळी होते, आणि गाडी बाजूला लावून झोपवावंच लागतं. निनादने ते सेटिंग बंद करून ठेवलं होतं. मार्चमध्ये त्याने ते स्वतःहून परत चालू केलं.

मावशीचा भाग सगळ्यात अवघड होता. तिला मी सांगितलं की रोज नाही, पण एखाद्या खेपेला मागे खुर्ची टाकून बस. ती म्हणाली, तिथे ते बसायचे. मी गप्प झाले. दोन आठवड्यांनी तिने आपणहूनच खुर्ची ओढली.

काय झालं

सरळ रेषेत काही झालं नाही. मार्चच्या अखेरीस एका नोकरीत शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन नाही आलं, आणि तो आठवडाभर परत पहाटे तीन-तीनपर्यंत खेळत बसला. मावशीने मला घाबरून फोन केला. आम्ही त्याला काही बोललो नाही, सकाळी सातला तेवढं उठवलं. आठवड्याने तो आपोआप परत दोन खेपांवर आला. डॉक्टर मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या की वाईट दिवसानंतर थोडं पळून जाणं हे माणूस करतोच, आपण परत येतोय का ते बघायचं.

जून २०२४ मध्ये मुलुंडला एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी लागली, परत डिस्पॅचच. गेममुळे लागली असं कोणी म्हणू नये, आधीच्या अनुभवावर लागली. पण नोकरी लागल्यावर गेम आपोआप सुटेल असं मामाला वाटत होतं तेही झालं नाही. तो खेळतोच. कधी आठवड्यात चारदा, कधी दहा दिवस हात लावत नाही. रविवारचं क्रिकेट सुरू झालं, जुन्या टीममधले दोघंच उरलेत, बाकी नवीन. झोप अजून पूर्ण सुधारलेली नाही, नोव्हेंबर जवळ आला की बिघडते. कंपनीतल्या एका पोलंडच्या माणसाशी अजून मेसेज चालू असतात, आणि ते मुख्यतः जेवणाबद्दल असतात.

परत करायचं झालं तर

मजा येते का, हा प्रश्न मी जूनमध्येच विचारायला हवा होता, तो नोव्हेंबरमध्ये विचारला. किती तास खेळतोस याचं उत्तर सगळे खोटं देतात, लहानही आणि मोठेही. मजेबद्दल विचारलं की माणूस खरं बोलायला लागतो, निदान थांबून विचार तरी करतो.

राउटर काढायला नको होता. ड्रायव्हिंग स्कूल तर नकोच होतं, आणि ते सुचवणाऱ्या काकांपेक्षा हो म्हणणारे आम्ही जास्त चुकलो.

ती कंपनी सोडताना माणसं आणि रोस्टर वेगळं करता आलं असतं का, याचा मी बराच विचार केलाय. गप्पांच्या ग्रुपमध्ये राहून पद सोडता आलं असतं, तेव्हा ते डोक्यात आलं नाही, एका पोलंडच्या माणसाच्या जागी चार-पाच राहिले असते.

आणि मावशी. सगळं लक्ष निनादवर होतं. ती संध्याकाळी सात ते साडेनऊ सलग सिरीयल बघायची, एक संपली की दुसरी, त्याला आम्ही कधी काही म्हटलं नाही, उलट तिचा वेळ जातोय म्हणून बरं वाटायचं. नवरा जाऊन वर्ष झालेल्या बाईला तिची झोप कशी आहे हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं. ओपीडीत डॉक्टर मॅडमनी विचारलं तेव्हा तिला उत्तर देता येईना. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम केली नाही आणि ती बरी झाली. काकांच्या नावाच्या कंपनीचं जे जुनं प्रोफाइल आहे, बर्लिनच्या गॅरेजवालं, त्याबद्दल मी काही सुचवलं नाही. निनादने रोजचं खेळायला नवीन प्रोफाइल काढलंय, जुनं तसंच ठेवलंय. गेल्या नोव्हेंबरमध्ये तिथीच्या दिवशी पानं वाढून झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, त्याने ते उघडलं. मावशी मागे खुर्ची टाकून बसली, मी पलंगावर. बर्लिनहून एक खेप नेली, शेवटी अवघड पार्किंग घेतलं, तिसऱ्या प्रयत्नात ट्रेलर बसला. मावशी म्हणाली, "त्यांचा पहिल्या फटक्यात बसायचा." निनाद हसला, रिकामा ट्रक परत बर्लिनच्या गॅरेजला नेऊन लावला, सेव्ह केलं, आणि आम्ही तिघं भांडी घासायला उठलो.